३०१८ सीएनसी मशीन: वापरून, खोलून, परत कसून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच निकाल सांगून टाकतो, ज्याला घाई आहे त्याने इथूनच परत जावं. ऑनलाइन जी ३०१८ नावाची छोटी सीएनसी, म्हणजे कम्प्युटरच्या हुकुमावर कोरणारी मशीन, मिळते ना, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची, काळ्या प्लेटांची, वर ७७५ मॉडेलची मोटर बसवलेली, ती पैशाच्या मानाने चांगली आहे. पण डब्यातून मशीन निघत नाही, मशीनचं सामान निघतं. त्याची मशीन तुम्हाला करावी लागते, आणि करता आली तर ती इमानदारीने काम देते. पाचपैकी साडेतीन स्टार. विकणाऱ्याच्या सर्व्हिसला वेगळे द्यायचे असते तर एक दिला असता, तो पण डबा चांगला पॅक केला होता म्हणून.

कोणत्या कंपनीची ते विचारू नका, एकच डिझाईन दहा नावांनी विकून राहिले लोक, स्टिकर तेवढा वेगळा. मी राहतो नागपुरात मानेवाड्याकडे, मागच्या खोलीत टेबलावर ही ठेवलीय, आणि हिच्यावर दाराच्या नावाच्या पाट्या करतो, सागवानावर, एमडीएफवर, कधी ॲक्रिलिकवर, आणि मधूनमधून स्वतःच्या शौकासाठी पीसीबी, म्हणजे सर्किटचे तांब्याचे बोर्ड. धंदा नाही, ओळखीपाळखीतले लोक पाट्या मागतात तेवढंच. ज्यांना फॅक्टरी टाकायची आहे त्यांनी हिंगणा एमआयडीसीत जाऊन मोठी मशीन पाहावी, हे त्यांच्यासाठी नाही.

कागदावर कामाची जागा ३०० बाय १८० मिलीमीटर आहे, वर-खाली ४५. यातला ४५ वर जाऊ नका, कोलेट (बिट पकडणारी चिमटी), बिट (कोरणारं पातं), खालचा एमडीएफचा तुकडा आणि लाकडाची जाडी हे सगळं त्याच्यातूनच जातं, हातात बराच कमी उरतो. तिन्ही अक्षांना नेमा १७ साईजच्या स्टेपर मोटरी (ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या), टी८ चा लीड स्क्रू (फिरला की अक्ष सरकवणारा आटेदार दांडा), २४ व्होल्टचा सप्लाय आणि बोर्डावर जीआरबीएल. हे जीआरबीएल, मोटरी चालवणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, म्हणजे या सगळ्या स्वस्त मशीनींचा जीव आहे. सिमेन स्कोगसेथ नावाच्या माणसाने २००९ मध्ये सुरू केलं, फुकट आहे, आणि चालतं ते आर्डुइनो उनोवाल्या ॲटमेगा ३२८ चिपवर, जिची मेमरी ३२ किलोबाइट. तेवढ्यात तीन मोटरी एकत्र गोल-तिरप्या फिरवायचं सगळं गणित बसवलंय, आपल्याला सकाळी येणारा गुड मॉर्निंगचा फोटो याच्यापेक्षा मोठा असतो. जीआरबीएलबद्दल माझी काही तक्रार नाही. मशीनीत जे बिघडतं ते नव्वद टक्के नट-बोल्टात नाहीतर वायरीत असतं, आणि लोक मात्र आकडे बदलत बसतात.

जोडणीबद्दल फार लिहीत नाही, चित्रं पाहून कोणीही जोडेल. घोळ असा की जोडून झालं, मोटरी फिरल्या, बिट हललं की माणसाला वाटतं झालं काम. पुढचं जे खरं काम आहे त्याबद्दल डब्यातल्या पुस्तकात एक अक्षर नाही.

आमच्या शेजारी एक काका आहेत, रेल्वेत फिटर होते, अजनीच्या शेडमधून रिटायर झालेले. मशीन पाहायला आले, कम्प्युटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही, मोटर धरणारा तो प्लास्टिकचा ठोकळा दोन बोटांत धरला आणि डावीकडे-उजवीकडे हलवला.

"हे काहून हलून राहिलं रे बाबू?"

मी म्हटलं, काका, आत स्प्रिंगचा नट आहे, थोडं तर हलेलच.

"स्प्रिंग असो का काही असो. बंद असताना हलते, तर लाकडात घुसल्यावर नाचंन ते. आधी हे पाह, कम्प्युटर मंग पाहजो."

या रिव्ह्यूत मला जे सांगायचं आहे ते काकांनी त्या दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. आधी फ्रेम, मग स्क्रू आणि नट, मग स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) सरळ उभा आहे का ते, आणि सॉफ्टवेअरमधले आकडे सगळ्यात शेवटी. विकणाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर आणि अर्ध्या यूट्यूबवर नेमकं उलटं सांगतात.

फ्रेमपासून घेऊ. जोडताना कोपऱ्याचे बोल्ट पूर्ण कसायचेच नाहीत, आधी मशीन एकदम सपाट जागेवर ठेवायची. घरात सगळ्यात सपाट जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा, तिथे ठेवली, एक पाय डुगडुगत होता. "अहो, कुकर कुठे ठेवू मी आता?" असं झालं, पण तेवढा वेळ घ्याच, कारण पीळ पडलेली फ्रेम नंतर कशानेच सरळ होत नाही. चारही पाय टेकले की मग कसा.

मग गुण्या. या मशीनीत वरची कमान जागच्या जागी उभी असते आणि खालचा टेबल पुढे-मागे जातो, म्हणून कमान टेबलाच्या रॉडांशी काटकोनात नसेल तर प्रत्येक चौकोन तिरपा निघतो. नुसतं नाव कोरलं तर कळत पण नाही, पण दोन तुकडे एकात एक बसवायचे असले किंवा पीसीबी उलटी करून दुसऱ्या बाजूने कोरायची असली की लगेच उघडं पडतं. तपासायला व्ही-बिटने (टोकदार बिट) तीन टिंबं मारायची, एक शून्यावर, एक एक्समध्ये १६० वर, एक वायमध्ये १२० वर. १६० आणि १२० मोजून खात्री करा, आणि मग त्या शेवटच्या दोन टिंबांमधलं अंतर बरोबर २०० आलं पाहिजे, शाळेतला पायथागोरस. माझ्याकडे २००.६ आलं. वाटतं अर्धा मिलीमीटर तर आहे, पण हिशोब केला तर १२० च्या लांबीत पाऊण मिलीमीटर तिरपं जातं. कमानीचे खालचे बोल्ट ढिले करायचे, गुण्या टेकवायचा, दोन्ही बाजूंचे आळीपाळीने थोडे थोडे कसायचे. एक बाजू पूर्ण कसून मग दुसरीला हात लावला तर कमान ओढली जाते आणि परत तेच.

आता मुख्य भांडण. १०० मिलीमीटर सांगितले की ९९.८ सरकायची. विकणाऱ्याला मेसेज टाकला, तिकडून दोन दिवसांनी उत्तर आलं की सर, डॉलर १०० मध्ये (जीआरबीएलमधली एक्सची सेटिंग, एका मिलीमीटरला किती स्टेप) ८०० च्या जागी ८०१.६ टाका, प्रॉब्लेम सॉल्व्ह. वर हात जोडल्याचा इमोजी. आणि हे गणिताने बरोबरच दिसतं हो, ८०० गुणिले १०० भागिले ९९.८, येतं ८०१.६. पण हा ८०० आला कुठून ते पाहा ना. मोटरच्या एका फेरीला २०० स्टेप, मोटर चालवणारी ड्रायव्हर चिप प्रत्येकाचे १६ तुकडे करते, आणि हा स्क्रू एका फेरीत ४ मिलीमीटर सरकवतो, ती त्याची लीड. २०० गुणिले १६ भागिले ४. स्क्रूची लीड २ असेल तर १६०० येईल, ८ असेल तर ४००, म्हणजे हा आकडा चुकला असता तर मशीन सरळ दुप्पट किंवा निम्मी सरकली असती, ०.२ ने नाही चुकली असती. स्वस्तातला स्क्रू असला तरी त्याची लीड १०० मिलीमीटरमध्ये इतकी सहसा हुकत नाही.

कोणाचा दोष आहे ते ओळखायची युक्ती अगदी साधी आहे आणि ती कोणी सांगत नाही. १०० सरकवा, ५० सरकवा, १० सरकवा, आणि प्रत्येक वेळी उलट्या दिशेने येऊन मग सरकवा. चूक अंतरासोबत वाढत असेल, म्हणजे १०० ला ०.२, ५० ला ०.१, १० ला जवळजवळ काहीच नाही, तर आकडा बदला, खुशाल बदला. पण १०० ला पण ०.२, ५० ला पण ०.२ आणि १० ला पण ०.२, तर तो ढिलेपणा आहे, बॅकलॅश. मोटर फिरून राहिली पण दिशा बदलताना पहिले ०.२ मिलीमीटर नट स्क्रूवर नुसता खेळून राहिला. माझ्या मशीनीत तेच होतं. अशात ८०१.६ टाकले तर १०० चं माप छान जुळतं आणि १० चं माप ९.८२ येतं, आणि पाटीवरची अक्षरं काय १०० मिलीमीटरची असतात का? वर एकाच दिशेने जाताना जे बरोबर होतं ते पण आता चुकायला लागतं. आणि जीआरबीएलमध्ये बॅकलॅश भरून काढायची सोय नाही, मोठ्या मशीनींच्या कंट्रोलरमध्ये असते, इथे नाही. म्हणजे पाना-एलन कीशिवाय इलाज नाही.

मोजायला डायल गेज लागतो, काट्यावर ०.०१ मिलीमीटर दाखवणारा, तो नसेल तर हे सगळं अंदाजपंचे होतं. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानांत विचारा, मिळून जातो. फक्त त्याच्यासोबत जो मॅग्नेटिक स्टँड देतात तो या मशीनीच्या टेबलाला चिकटत नाही, टेबल ॲल्युमिनियमचा आहे, भंगारातली लोखंडी पट्टी बोल्टाने टेबलावर कसा आणि तिच्यावर स्टँड ठेवा. गेजचं टोक मोटरच्या ठोकळ्याला टेकवायचं, ५ पुढे, काटा शून्य, १ पुढे, १ मागे. काटा शून्यावर परत नाही आला तर जेवढा राहिला तेवढा तुमचा ढिलेपणा.

माझ्याकडे तो तीन ठिकाणी वाटून होता. पहिलं, मोटर आणि स्क्रूच्या मधल्या कपलरचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू), फॅक्टरीतूनच अर्धवट कसलेला. दुसरं, स्क्रूचं दुसरं टोक बेअरिंगमध्ये मोकळं, हाताने ढकललं तर स्क्रू आख्खा लांबीत सरकायचा, आणि ते जे पिळाचं कपलर देतात ते स्प्रिंगसारखं दबतं म्हणून मोटरला पत्ताच नाही. तिथे बेअरिंगला लागून एक लॉक कॉलर घातली, ग्रब स्क्रूवाली. तिसरं, पितळी नटाची स्प्रिंग पुरेशी दाबलेली नव्हती. स्प्रिंग दाबताना जास्त जोर केला तर स्क्रू जड होतो आणि मोटर स्टेप सोडते, म्हणून हाताने स्क्रू फिरवून पाहत पाहत करा, एकसारखा जड लागला पाहिजे, मधेच अडकता कामा नये. एवढं केल्यावर ०.२ चे ०.०४ झाले, आणि डॉलर १०० मध्ये आजही ८०० च आहे.

मराठी पाट्या करणाऱ्यांसाठी एक खास टेस्ट सांगतो, ठ कोरून पाहा. बॅकलॅश असेल तर गोलाच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, जिथे जिथे एखादा अक्ष दिशा बदलतो तिथे तिथे छोटी चपटी कड येते, ठ गोल न राहता बटाटा होतो. आणि म, न, ग सारख्या अक्षरांचा दंडा शिरोरेषेला जिथे मिळतो तिथे बारीक फट राहते किंवा दंडा वर निघतो. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत हे लपून जातं, देवनागरीत शिरोरेषा सरळ असल्याने डोळ्यात खुपतं.

आता स्पिंडल, आणि इथेच माझा एक स्टार गेलाय. ७७५ मोटरच्या ५ मिलीमीटरच्या दांड्यावर ईआर ११ चा कोलेट होल्डर बसवलेला असतो आणि तो ग्रब स्क्रूने एका बाजूने दाबून धरलेला. एका बाजूने दाबलं की होल्डर सेंटर सोडतो, आणि बिटचं टोक फिरताना गोल काढायला लागतं. गेज लावून हाताने फिरवलं तर ०.१ पेक्षा जास्त डोलत होतं. परिणाम असा की ३.१७५ च्या बिटने खाच ३.३ ची येते, बारीक बिट तुटतात, आणि व्ही-बिटची रेघ जाडजूड. ग्रब स्क्रू नसलेला, गरम करून बसवायचा होल्डर वेगळा मिळतो, तो बसवला की फरक लगेच दिसतो. कंपनीने तोच द्यायला पाहिजे होता, किमतीत काही फार फरक नाही पडत. आणि कोलेट बदलताना तो आधी नटमध्ये तिरपा दाबून टक्‌ असा आवाज येईपर्यंत बसवायचा, मग नट होल्डरवर चढवायचा. कोलेट होल्डरमध्ये टाकून वरून नट कसला तर तो वाकडाच बसतो आणि काढताना आत अडकून राहतो. हे पण पुस्तकात नाही.

स्पिंडल उभा सरळ आहे का ते पाहायला कोलेटमध्ये वाकवलेली तार किंवा पट्टी धरून तिच्या टोकाला गेज बांधायचा आणि हाताने गोल फिरवायचा, डावीकडे किती, उजवीकडे किती, पुढे किती, मागे किती. माझ्याकडे पुढे-मागे १०० मिलीमीटरच्या गोलात ०.३ चा फरक होता. मोठ्या सरफेसिंग बिटने एमडीएफचा तळ साफ केला की ओळीओळींच्या पायऱ्या येतात आणि नख फिरवलं की टकटक लागते, ती याच्यामुळे. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कात्रीने कापून मोटरच्या ठोकळ्यामागे शिम (पातळ पाचर) म्हणून घातला, तो साधारण ०.१ चा असतो, एक-दोन थर मागे-पुढे करून पाहायचे. हे झाल्यावरच तळाचा एमडीएफ सपाट करून घ्या, आधी केला तर परत करावा लागतो. आमच्याकडे पावसाळ्यात एमडीएफ फुगतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तसाही एकदा हलका हात मारावाच लागतो. रॉडांना तेव्हाच मशीन ऑइलचं बोट फिरवा, गंज धरतो.

आता नागपूर स्पेशल. उन्हाळ्यात पाटी अर्धी झाली की काम मधेच थांबायचं, स्क्रीनवर पोर्ट तुटल्याचा मेसेज, मोटरी जागच्या जागी, स्पिंडल मात्र लाकडात फिरून जाळत बसलेला. सागवान फुकट. विकणाऱ्याचं उत्तर, सर कम्प्युटरमधला ड्रायव्हर रिइन्स्टॉल करा. कम्प्युटर बदलून पाहिला, केबल बदलून पाहिली, तेच. मग लक्षात आलं की हॉलमधला कूलर चालू-बंद झाला की त्याच क्षणी हे होतं. बटण दाबायला लावून पाहिलं, लावला की तुटलं. कूलरच्या मोटरीचा आणि पंपाचा झटका त्याच लाईनवरून येतो, आणि ७७५ स्वतः ब्रशवाली मोटर असल्याने तिच्या ठिणग्यांचा गोंगाट वेगळा, दोन्ही मिळून बिचाऱ्या यूएसबीला झेपत नाही. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवा असं घरी सांगून पाहा, मग कळेल.

इलाज स्वस्त आहे. बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १०४ लिहिलेले सिरॅमिक कपॅसिटर काही रुपयांत मिळतात, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरॅडचे. एक मोटरच्या दोन टोकांच्या मधे, आणि एकेक प्रत्येक टोकापासून मोटरच्या बॉडीला सोल्डर करायचा, बॉडी थोडी घासून घ्या नाहीतर सोल्डर धरत नाही. यूएसबी केबल छोटी आणि फेराइटचा गोळा असलेली, स्पिंडलच्या वायरीपासून लांब. मशीन वेगळ्या सॉकेटवर, अर्थिंग असलेल्या, आणि लॅपटॉप शक्यतो बॅटरीवर. याच्यानंतर कूलर वाटेल तेवढा लावा. व्हॅक्यूमचा प्लास्टिक पाईप लावत असाल तर आणखी एक, कोरड्या हवेत त्यातून भुसा सरसरत जातो आणि पाईपवर स्टॅटिक साचतं, त्याचा झटका बोर्डाला लागला तरी हेच होतं, पाईपच्या बाजूने एक उघडी तार नेऊन अर्थिंगला जोडा.

उन्हाळ्यातलीच दुसरी कटकट म्हणजे स्टेप सुटणं. बाहेर ४५ डिग्री असताना बोर्डावरचे ए४९८८ ड्रायव्हर तापतात आणि स्वतःला वाचवायला मधे मधे बंद होतात, मशीन खटकन एक-दोन मिलीमीटर खाते आणि पुढचं सगळं काम तेवढं सरकून होतं. लोक इथे पण करंट वाढवतात, त्याने अजून तापतं. आधी छोटा पंखा लावा बोर्डावर, आणि मग व्होल्टेज मोजा. ड्रायव्हरजवळच्या रेझिस्टरवर आर१०० लिहिलं असेल तर व्ही-रेफ (ड्रायव्हरवर मोजायचं ते व्होल्टेज) ०.८ व्होल्ट म्हणजे १ अँपिअर, असा हिशोब आहे. माझ्याकडे एक्सचा आणि वायचा सारखा नव्हता, झेडचा तर भलताच. स्क्रू ड्रायव्हर घसरू देऊ नका, तिथे एक पिन दुसरीला लागली की ड्रायव्हर गेला.

सॉफ्टवेअरमधल्या दोनच गोष्टी सांगतो ज्यावर लोक सगळ्यात जास्त डोकं फोडतात. एक, डॉलर ३२, लेझर मोडची सेटिंग. लेझरवाल्या पॅकमध्ये हे १ करून येतं, आणि मग बिट हवेत एकीकडून दुसरीकडे जाताना स्पिंडल बंद पडतो, कारण बोर्डाला वाटतं हा लेझर आहे, न कापता फिरताना बंदच पाहिजे. बंद पडलेलं बिट लाकडात घुसायला गेलं की तुटलंच. स्पिंडल वापरताना ० करा. दुसरं, डॉलर ३०. बोर्डात जास्तीत जास्त स्पीड १०००० लिहिलाय आणि तुमच्या सॉफ्टवेअरच्या स्लायडरची हद्द १००० असली, तर फुल्ल केला तरी मोटरला दहावा हिस्साच मिळतो, नुसती गुरगुरते, आणि लोक मोटर जळाली म्हणून नवी मागवतात. दोन्हीकडे आकडा सारखा ठेवा. बाकी काही ॲलार्म आला तर घाबरू नका, ॲलार्म १ म्हणजे लिमिट स्विच (अक्ष टोकाला गेला की दबणारा) लागला, २ म्हणजे तुमची फाईल जागेच्या बाहेर चाललीय, ९ म्हणजे होमिंगला (मशीन शून्याची जागा शोधते तेव्हा) स्विच सापडला नाही. स्विच काही न दाबता ॲलार्म १ येत असेल तर परत वायरीच पाहा, स्पिंडलच्या वायरीसोबत एकाच गुंडाळीत बांधल्या असतील.

पीसीबीसाठी घ्यावी का? हो, पण वरचं सगळं करून मग. तांबं ३५ मायक्रॉनचं असतं, आणि ३० डिग्रीच्या, ०.१ टोकाच्या व्ही-बिटने ०.१ खोल गेलात तर खाच साधारण ०.१५ ची येते, ०.२ खोल गेलात तर ०.२ च्या वर. म्हणजे बोर्ड एका बाजूला ०.१ जरी वर असला तर तिथे रेघा खाऊन टाकते आणि दुसरीकडे तांबं कापतच नाही. म्हणून प्रोब (बिट बोर्डाला टेकलं की कळवणारी वायर) लावून आधी उंचीचा नकाशा काढून घ्यायचा, फुकटची सॉफ्टवेअर आहेत त्यासाठी. प्रोब लावला की दरवेळी हाताने क्लिप प्लेटला टेकवून स्क्रीनवर दिवा लागतो का पाहा, नाही लागला आणि चालू केलं तर बिट सरळ बोर्डातून खाली जातं.

लाकडात मशीन मजेत चालते. लकडगंजमध्ये सागवानाचे कापलेले तुकडे वजनावर मागितले तर मिळतात, पाट्यांना तेवढे पुरतात. १०००० च्या स्पीडला दोन धारेचं बिट, प्रत्येक धारेने ०.०४ खाल्लं तर ८०० मिलीमीटर मिनिटाला येतं, एमडीएफला ते चालतं, सागवानाला मी याच्या खाली ठेवतो आणि खोली एका वेळी अर्धा-पाऊण मिलीमीटर. ॲक्रिलिकला एक धारेचं बिट घ्या, दोन धारेने वितळून बिटलाच चिकटतं. ॲल्युमिनियम कापते म्हणून जाहिरातीत दाखवतात, कापते पण, ०.१-०.१ करत, रात्र होते. त्यासाठी ही मशीन घेऊ नका. मोठा ५०० वॉटचा स्पिंडल बसवायचा विचारही नको, ठोकळा प्लास्टिकचा आहे, त्याचं वजनच सोसत नाही.

पैशाचं म्हणाल तर मशीनच्या किमतीवर आणखी थोडा खर्च धरूनच चाला, चांगला कोलेट होल्डर, डायल गेज, लिमिट स्विच, कपॅसिटर, बिट. डब्यातली बिटं शिकण्यापुरती आहेत.

आणि डबा आला की व्हिडिओ काढत उघडा, आणि जोडायच्या आधी सगळे गोल रॉड काचेवर घरंगळवून पाहा. सरळ असेल तर एकसारखा जातो, वाकडा असेल तर खालून उजेडाची फट उघड-बंद होताना दिसते. लीड स्क्रूचं तेच. माझ्या पॅकमध्ये झेडचा एक रॉड वाकडा निघाला, व्हिडिओ होता म्हणून कुरकुर करत का होईना दुसरा पाठवला. जोडून झाल्यावर सांगितलं तर ते म्हणतात तुम्हीच वाकवला, आणि तोपर्यंत रिटर्नची मुदत पण गेलेली असते.